माझ्याच विरुद्ध बोलणारा माझा वकील

आडे वकिलांवर माझा राग आहे. ते जाऊन वर्ष होत आलं, पण राग काही गेला नाही. भर ग्राहक आयोगात, तीन माणसांच्या बेंचसमोर, त्यांनी माझ्या बकरीची गोष्ट सांगितली आणि समोरच्या कंपनीचा वकीलसुद्धा हसला. वकील माझा, फी माझी, आणि फजितीही माझीच. सौद्यात मी कमी फसलेलो नाही, पण पदरचे पैसे मोजून स्वतःचंच हसं करून घेतलं ते एकदाच.

त्यांची माझी ओळख मात्र कोर्टातली नाही, सेनगावच्या बकरी बाजारातली. आमच्या घरी मेंढरं. सातवीत शाळा सुटली आणि पुढं मी दलालीत पडलो. घेणारा एकीकडं, विकणारा दुसरीकडं, मधे मी. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा आणि दोघांकडून दलाली घ्यायची. एका बाजाराला एक बुटका, सावळा माणूस आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. त्यांच्या तांड्यावर पाहुणे येणार होते, बकरी हवी होती. मी एक दाखवली. "बिनरोगी हाय, मी सोता बघितली, माझी हमी," असं म्हणून हमीचे म्हणून वरून थोडे जास्त घेतले. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बकरी मेली.

पुढच्या बाजाराला तो माणूस हातात नुसता दोर घेऊन आला. मी त्याला सरळ सांगितलं, "बकरी ज्याची व्हती त्याला पकडा. मी नुसता मधला माणूस."

तो भांडला नाही. माझ्या शेजारी, माझ्याच पोत्यावर, मांडी घालून बसला. माझ्याकडं गिऱ्हाईक आलं की ते आधी त्याच्या हातातल्या रिकाम्या दोराकडं बघायचं.

"काय काका, काय आणलं?"

"काही न्हाई. बकरीची वाट बघून राहिलो."

"कोन्ती बकरी?"

"ह्यांनी हमी दिलेली. मेली. म्हणलं, बघावं परत येती का."

आवाज एवढा मऊ की टोमणा आहे हेसुद्धा गिऱ्हाइकाला चार पावलं गेल्यावर कळायचं. दुपारपर्यंत माझा एक सौदा झाला नाही. मी अंगावर धावून गेलो, तर तो थोडा सरकला आणि मला बसायला जागा केली. शेवटी मी निम्मे पैसे परत दिले. त्यानं दोर नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवला. "हा तुमचा. बकरीसंगं आला व्हता."

शेजारच्या चहावाल्यानं मग सांगितलं की हे हिंगोलीचे आडे वकील. मी मागं पळालो. "वकील हायेत हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी कोर्टात जा म्हणले असते," ते म्हणाले. "तिथं लई वर्षं लागतात."

असा माणूस आपल्या बाजूला असावा, असं मला त्याच दिवशी वाटलं. आपल्या बाजूला असूनही तो काय करील, हे तेव्हा कळायचं होतं.

त्यांचं ऑफिस कोर्टामागच्या बोळीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून. एकच शटर. आत टेबल, भिंतीला फायली, लाकडी बाकडं आणि एक चांगली फिरती खुर्ची. पण त्या खुर्चीत वकील कधी बसत नसत. ते बाकड्यावर, खुर्ची पक्षकाराला. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, काय मान देतात. मग कळलं की तो मान नव्हता. खुर्चीत बसणाऱ्यानं आपली बाजू मांडायचीच नाही. ज्याच्याशी भांडण आहे त्याची मांडायची. बांधावरून भावावर दावा लावायला आलेल्या माणसाला ते म्हणायचे, "आता तू भाऊ. बोल, ह्यो माणूस तुला कसा तरास देऊन राहिला ते सांग." एकदा माझ्यासमोर एक बाई नवऱ्यावर केस करायला आली होती. ती नवरा होऊन बोलायला लागली आणि अर्ध्या तासात एवढं बोलली, की शेवटी स्वतःच म्हणाली, "ह्याचं बी काही खोटं न्हाई." आणि उठून गेली. असे निम्मे लोक खुर्चीतूनच घरी जायचे.

"वकीलसाहेब, ह्याला धंदा म्हणत्यात का?" मी विचारलं.

"माझा बाप तांड्याचा नायक व्हता. भांडण घेऊन आलेल्याला तो असंच बोलायला लावायचा."

"खुर्चीत बसवून?"

"खुर्ची कुठली? खाट व्हती. मी वकील झालो, खुर्ची घेतली. एवढीच प्रगती."

काळा कोट ते कापड दुकानाच्या पिशवीत ठेवत. कोर्टाच्या दारात घालायचा, बाहेर पडलं की पुन्हा घडी करून पिशवीत. कोट अंगावर असला की माणूस विनाकारण मोठ्यानं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शर्टाच्या खिशात बडीशेप सुटी भरलेली, त्यामुळं सही करायला पेन काढलं की कागदावर दोन दाणे पडायचेच. माझं काम बरोबर असलं की मी 'मारोतराव' आणि चुकलो की 'मालक'. मला ते जास्त करून मालकच म्हणाले.

आता खुर्चीत बसायची पाळी माझ्यावर कशी आली ते सांगतो.

दलालीतून चार पैसे गाठीला आले तेव्हा मी औंढ्याला घर बांधलं, बँकेचं कर्ज काढून. खाली आम्ही, वर तीन खोल्या, जिना बाहेरून. नागनाथाला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या भाड्यानं द्यायच्या. कोणी तरी सांगितलं, मोबाइलवर एका कंपनीचं ॲप आहे, त्यावर टाका, घरबसल्या गिऱ्हाईक येतं. मी टाकल्या. कंपनीचा तपासणीस आला, टाय लावलेला. जिना चढून वर गेला, फोटो काढले, चहा घेतला, आणि माझ्या खोल्यांवर हिरवा शिक्का बसला, 'तपासलेले घर'. त्या शिक्क्याचे दर बुकिंगमागं वेगळे पैसे कापायचे.

पहिला श्रावण जोरात गेला. दुसऱ्या श्रावणात जालन्याचे पाटील सर म्हणून शिक्षक आले, सोबत त्यांच्या आई, सुशीलाबाई. सत्तरीच्या पुढच्या. सकाळी आंघोळ करून बाई दर्शनाला निघाल्या. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर पाय सरकला आणि त्या उघड्या बाजूनं खाली पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी माझ्या जीपमध्ये घालून त्यांना हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. पण नंतर बघायला एकदाही गेलो नाही. गेलो तर चूक कबूल केली असं होईल, असा माझा हिशोब.

चार महिन्यांनी ग्राहक आयोगाची नोटीस आली. सामनेवाला क्रमांक एक मी, क्रमांक दोन कंपनी. कंपनीनं मला दोन ओळींचं उत्तर पाठवलं: आम्ही केवळ घरमालक आणि पाहुणा यांची गाठ घालून देणारे माध्यम आहोत, घर आमचं नाही, जबाबदारी आमची नाही. त्याच दिवशी माझ्या खोल्या ॲपवरून काढून टाकल्या. सुशीलाबाईंची भरपाई सगळी माझ्या एकट्याच्या अंगावर आली असती, तर वरचा मजलाच काय, घर विकावं लागलं असतं.

मी पेटलेला आडे वकिलांच्या ऑफिसात गेलो. "बघा, बघा काय लिहिलं लेकाच्यांनी. पैसे कापताना भागीदार, आन आता म्हणत्यात आमी नुसते मधले."

वकिलांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून वाचला.

"हे वाक्य मी कुठं तरी ऐकलंय, मालक," ते म्हणाले. आणि खुर्चीकडं बोट दाखवलं.

मी बसलो. आधी त्यांनी मला कंपनी केलं. ते जमलं, शिव्या द्यायच्या सोडून मी बऱ्यापैकी बोललो. मग म्हणाले, "आता सुशीलाबाई."

"मी नवीन जागी आले," मी सुरू केलं. "पहाटंचं उठले. जिना उतरत व्हते…" आणि थांबलो. पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं. वकिलांनी घाई केली नाही. बडीशेप चघळत बसले. मी उठलो आणि म्हणालो, "पाणी प्यायचंय."

त्यांनी मग कंपनीच्या अटींची प्रिंट काढून आणायला लावली. मोठं बाड निघालं. एवढं कोण वाचतं? त्यांनी वाचलं. ते कागद मनात वाचतच नसत. ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं, शाळेतल्यासारखे वाचत. तीन दुपारी मी बाकड्यावर बसून ते ऐकलं. झेरॉक्सवाल्याला निम्म्या अटी पाठ झाल्या. कुठल्याही वादाची सुनावणी फक्त बंगळुरूला होईल, अशी एक अट होती. तिथं ते थांबले. "बाई औंढ्यात पडली," म्हणाले, "ह्यास्नी वाटतं तिनं आधी बंगळुरू गाठायला पाहिजे व्हतं."

जागा बघितल्याशिवाय ते कागदाला पेन लावत नसत. एका रविवारी स्कूटरवर औंढ्याला आले. मी जेवायला थांबवलं, ते थांबले नाहीत. जिना चार वेळा चढले, चार वेळा उतरले. तोवर मी कठडा बसवला होता. त्यांनी तो हलवून बघितला, वेल्डिंगवर बोट फिरवलं आणि "छान काम," एवढं म्हणून गेले. मला बरं वाटलं. मला काय माहीत, की छान काम कोणी केलं हे विचारत ते थेट सलीमभाईच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसतील.

सलीमभाईनं त्यांना चहा पाजला आणि सगळं सांगितलं. "कठडा तो चार महिने से तयार पडा था, वकीलसाब. मारोतभाऊ लेके ही नहीं गये. मैं बोला किलो से पैसे दो, वो बोले फुटावर देतो. बस, इसी पे अटके."

ही गोष्ट खरी आहे. मी फुटावर अडलो होतो आणि तो किलोवर. कठडा त्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभा, जिना माझ्या घराला उघडा. दोघंही हटायला तयार नाहीत. बाई पडल्यावर त्याच आठवड्यात मी त्याच्याच दरानं, किलोवर, पैसे दिले आणि कठडा आणला. हे मी वकिलांपासून लपवलं होतं, कारण वकील आपला असला तरी त्याला सगळं सांगायची काय गरज?

आठवड्यानं त्यांनी आमचं लेखी म्हणणं वाचून दाखवलं. तिसऱ्याच परिच्छेदात होतं: सामनेवाला क्रमांक एक यांनी कठडा तयार करून घेतला होता, परंतु दरावरून वाद असल्यामुळे बसवला नव्हता, ही त्यांची चूक त्यांना मान्य आहे.

मी टेबलावर हात आपटला. "तुमी माझे वकील का त्यांचे?"

"तुमचाच."

"मंग हे कंपनीनं लिहायचं का तुमी?"

"कंपनी लिहीलच, मालक. वेल्डिंगच्या दुकानाचा पत्ता काही लपून न्हाई. त्यांनी लिहिलं तर ती तुमची लबाडी व्हते. आपण लिहिलं तर नुसती चूक व्हते. लबाडीला सगळं भरावं लागतं, चुकीला आपला वाटा."

मी फाइल उचलली आणि निघालो. "दुसरा वकील बघतो."

"बघा," ते म्हणाले. "पण त्याला तरी कठड्याचं सांगा."

मी बोळीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसलो. दुसरा वकील म्हणजे दुसरी फी, आणि त्याच्याशी पुन्हा पहिल्यापासून घासाघीस. अर्ध्या तासानं परत आलो, फाइल टेबलावर ठेवली. ते एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून त्याच्या जावयाची बाजू ऐकत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी फाइल ओढून घेतली आणि जागेवर ठेवली. त्याबद्दल ते नंतरही कधी बोलले नाहीत, हा त्यांचा एक गुण मला मानावा लागतो.

शेवटच्या सुनावणीला पाटील सर आणि सुशीलाबाई आले होते. बाई वॉकर धरून चालत होत्या. मी दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. कंपनीचा वकील भिंतीवरच्या स्क्रीनवर होता, मोठ्या शहरातून. त्यानं गुळगुळीत मराठीत सांगितलं की त्यांची कंपनी म्हणजे फक्त एक मंच आहे.

आडे वकील उठले. "मॅडम," ते अध्यक्षांना म्हणाले, "माझ्या पक्षकारानं कठडा लावला न्हाई. करून ठेवला, आन भावावरून अडून बसला. त्याला सोडा असं माझं म्हणणं न्हाई."

मी उठायला लागलो. त्यांनी मागं न बघता माझी बाही धरून खाली ओढली.

"पण माझा पक्षकार बकऱ्यांचा दलाल हाय. मधला माणूस म्हंजे काय, हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बकरी, हमी, दोर, माझ्या पोत्यावर बसणं. मी काय बोललो तेसुद्धा, माझ्याच आवाजात. अध्यक्षा बाईंनी फाइल तोंडासमोर धरली. स्क्रीनवरचा वकील उघड उघड हसला. सुशीलाबाईंचं हसणं मला पाठीमागून ऐकू आलं, आणि ते सगळ्यात जास्त लागलं.

"बाजाराचा रिवाज असा हाय, मॅडम," हसणं थांबल्यावर ते म्हणाले. "नुसती गाठ घालून दिली आन दलाली घेतली, तर दलाल सुटतो. पण 'मी बघितली, बिनरोगी हाय' म्हणून वरून पैसे घेतले, की तो मधला राहात न्हाई. ह्या माणसानं मला निम्मे पैसे परत दिले. खुशीनं न्हाई दिले. पण दिले. सातवी शिकलेला माणूस. ह्या कंपनीनं 'तपासलेले घर' म्हणून शिक्का मारला आन त्याचे वेगळे पैसे घेतले. त्यांचा माणूस त्याच जिन्यानं वर गेला. तपासलं नसंल तर शिक्का खोटा. तपासलं असंल तर कठडा न्हाई हे त्यास्नी माहीत व्हतं. दोन्हीतलं कोन्तं, ते त्यांनीच सांगावं."

स्क्रीनवरचा वकील म्हणाला, "शिक्का म्हणजे हमी नव्हे, असं अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे."

"कोन्त्या पानावर?"

तो पानं उलटायला लागला. बराच वेळ उलटत राहिला.

"एकतिसाव्या," आडे वकील म्हणाले. "मी मोठ्यानं वाचलंय. शिक्का पहिल्याच फोटोवर हाय. ह्या बाईनं फोटो बघितला, साहेब. एकतिसावं पान न्हाई बघितलं."

बाहेर आल्यावर त्यांनी कोट काढला, घडी केली, पिशवीत घातला. मी दातओठ खात म्हणालो, "वकीलसाहेब, बकरीची गोष्ट काढायची काय गरज व्हती?"

"दुसरी बकरी न्हवती माझ्याकडं, मालक."

निकाल लागला. भरपाईचा मोठा वाटा कंपनीवर, लहान माझ्यावर. पैसे घेऊन शिक्का देणाऱ्याला आपण नुसतं माध्यम आहोत असं म्हणता येणार नाही, असं आदेशात लिहिलं होतं. घर वाचलं. तरी माझं अजून म्हणणं आहे की कठड्याचा तो परिच्छेद नसता तर माझा वाटा आणखी कमी झाला असता. ते सिद्ध करायला मी कितीदा तरी मनातल्या मनात त्या खुर्चीत बसलोय, पण दर वेळी सुशीलाबाईंपाशी येऊन अडतो.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, आडे वकील झोपेतच गेले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते आयोगात माझ्या वाट्याचा ड्राफ्ट भरला त्या दिवशी. पाटील सरांसोबत सुशीलाबाईही आल्या होत्या. वकिलांनी मला कोपरानं ढोसलं. "कागदावर मान्य केलं. तोंडानं कवा?"

मी बाईंपुढं जाऊन उभा राहिलो. "आजी," म्हणालो, "चुकलं माझं. कठडा लावायला पाहिजे व्हता."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लावला का आता?"

"लावला."

"मंग आजचा मुक्काम तुमच्याकडंच. दर्शन राहिलंय माझं. पडले ती दर्शनाच्या आधी पडले." आणि मग म्हणाल्या, "वर न्हाई चढायची मी. खालची खोली पायजे."

"खाली आमी राहतो, आजी."

"मंग तुमी जावा एक रात वर."

मी वकिलांकडं बघितलं. ते बडीशेपेचे दाणे निवडत होते, जसं काही त्यांचा कुणाशीच संबंध नाही. मी बाहेर जाऊन बायकोला फोन केला आणि खोली रिकामी करायला सांगितली.

माझी जीप उभी असताना वकील पाटील सरांच्या गाडीत बसून औंढ्याला आले. मी घरी पुढं गेलो, स्वयंपाकाचं बघितलं, आणि त्यांना बोलवायला देवळाकडं आलो. पाटील सर आईला धरून आत गेले होते. गर्दीत वॉकर नको म्हणून तो बाहेर ठेवला होता, आणि वकील तो सांभाळत एका ओट्यावर बसले होते. वॉकरला पिशवी अडकवलेली. समोर सात-आठ चपलांचे जोड.

"हे काय?"

"एक बाई आली, म्हणली, बाबा, लक्ष ठेवा. मी व्हय म्हणलो. मागून बाकीच्यांनी बी ठेवल्या."

"अहो, तुमी वकील. सोडा ते. आजी यायलाच लागल्यात, जेवण वाढून ठेवलंय."

"तुमी त्यास्नी घेऊन जा. ती बाई यायची हाय अजून, निळ्या पट्ट्यावाली."

"तिचं तुमच्याकडं काय लागतं? पैसे दिले का तिनं?"

"न्हाई."

"मंग?"

"तिनं इचारलं, मी व्हय म्हणलो," ते म्हणाले, आणि सरकून मला ओट्यावर जागा केली.

मी बसलो नाही. आजी आणि पाटील सर बाहेर आले, त्यांना घेऊन निघालो. कोपऱ्यावरून वळून बघितलं तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं, आणि आडे वकील वाकून एकेक चप्पल उचलून सावलीकडं सरकवत होते.